म्हाताऱ्या घोड्यांच्या इंदूमावशी

इंदूमावशी साळोखे मला पहिल्यांदा दिसल्या त्या एका तपकिरी घोड्याच्या डाव्या पायामागे वाकून उभ्या असलेल्या. कानात स्टेथोस्कोप, अंगावर हॉस्पिटलचा निळा युनिफॉर्म, त्यावर कुणा उंच पुरुषाचा रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान न वळवता एक बोट माझ्याकडे रोखलं. मी गप्प बसले. त्या वयात मी सहसा गप्प बसत नसे.

"बेचाळीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग तबेल्याच्या दारावर दोरीने टांगलेल्या पुठ्ठ्यावर आकडा लिहिला. वॉर्डात पेशंटच्या पायथ्याशी तक्ता असतो, अगदी तसाच तो तक्ता होता. तारीख, ताप, नाडी, काय खाल्लं, लीद कशी झाली. सगळ्यात वर इंग्रजीत घोड्याचं शर्यतीतलं लांबलचक नाव आणि खाली मराठीत, कंसात, "बापू".

हे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावाबाहेर, कांद्याच्या शेतांपलीकडे, कॉलिन नावाच्या ट्रेनरच्या तबेल्यात घडलं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही जवळच्याच मनुरेवाला राहत होतो. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली होती. बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते आणि मी अक्षरं शिकले ती "कामगार बंधूंनो" या दोन शब्दांवर. आई हॉस्पिटलच्या औषध विभागात होती. तिथल्या साळोखे सिस्टर रोज ड्यूटीआधी शर्यतीच्या घोड्यांकडे जातात हे तिच्याकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. आपली माणसं या असल्या धंद्यात? मी रातोरात नाही, पण एका दुपारीत पत्रक लिहून काढलं, युनिव्हर्सिटीत शंभर प्रती काढल्या आणि पहिली प्रत द्यायला थेट तबेल्यात गेले.

मावशींनी ते उभ्याउभ्या वाचलं. शर्यती बंद करा, घोड्यांना जुंपणं थांबवा, माणसाच्या करमणुकीसाठी एकाही जनावराचा घाम गळता कामा नये, वगैरे. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी केली.

"चांगलं लिहितीस की. पण एक राहिलंय."

"काय?"

"थांबल्यावर त्यांनी जायचं कुठं? ते लिही खाली. जागा हाय अजून."

खाली खरंच दोन बोटं जागा होती.

मावशी मिरजेच्या. वडील टांगेवाले. स्टेशन ते दवाखाना ही त्यांची फेरी, आणि त्याच दवाखान्यात पुढे मुलगी नर्स झाली. घोडी होती चंद्री. बाविसाव्या वर्षापर्यंत ती टांग्याला होती. म्हातारपणी तिला चढाची सवारी घ्यायची नाही, दुपारी उन्हात उभं करायचं नाही, एवढेच नियम. "बाबा म्हणायचे, तिला घरी बांधली तर ती गळून जाईल. आणि जास्त पळवली तर मरेल. मधलं काय ते तिलाच विचारायचं." मावशींचं सगळं घोडेशास्त्र या वाक्यात होतं. बाकीचं त्या वॉर्डात शिकल्या.

कॉलिनशी ओळखही वॉर्डातच झाली. घोड्याची लाथ बसून तो मांडीचं हाड मोडून आला होता. शुद्धीवर आल्यावर बहुतेक पेशंट बायकोची चौकशी करतात. हा म्हणाला, "बर्टला कुणी पाणी दिलं का?" मावशींना वाटलं, बर्ट हा त्याचा मुलगा. घोडा आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. महिन्याने कॉलिन कुबड्यांवर घरी गेला आणि आठवड्याने मावशी बर्टला बघायला गेल्या. बर्टचा बापू झाला. कॉलिन शेवटपर्यंत त्यांना "सिस्टर"च म्हणायचा आणि त्या त्याला "कॉलिनराव". त्याला वाटायचं, राव हा मराठीत मिस्टर असावा. तसं ते खोटंही नव्हतं.

ही शर्यत आपल्याकडच्या रेसकोर्ससारखी नव्हे. घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी, त्यात ड्रायव्हर, आणि घोड्याने दुडक्या चालीनेच धावायचं. चौखूर उधळला तर लगाम खेचून त्याला पुन्हा चालीवर आणायचं; तोवर बाकीचे निघून जातात. मावशी त्या गाडीला टांगाच म्हणत. "सवारी नसलेला टांगा. बाकी काय फरक नाही."

फरक होता, आणि तो नियमात होता. घोडा जिंकला की त्याला वरच्या वर्गात घालत. पुन्हा जिंकला की आणखी वर. तिथे तो हरत राहिला तरी खाली आणत नसत. मावशींनी मला हे असं समजावलं: "पोरगं पास झालं, वरच्या वर्गात घातलं. परत पास, परत वर. हळूहळू त्याला झेपंना. मग काय करायचं? एक वर्ग खाली बसवायचं. हे लोक म्हणतात, न्हाई, खाली बसवायचं न्हाई. शाळेतूनच काढा."

शाळेतून काढलेल्या घोड्यांसाठी एक गाडी यायची. उंच कठड्यांचा ट्रक. काहींच्या नशिबी कुणाचं तरी कुरण असायचं. सगळ्यांच्या नसायचं. ट्रकमध्ये गेलेल्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नसे.

बापू तेव्हा दहा वर्षांचा होता. तरुणपणी बऱ्याच शर्यती जिंकल्यामुळे तो पार वरच्या वर्गात जाऊन अडकला होता. पाय ठणठणीत, छाती मजबूत, पण समोर चार वर्षांचे, बिजलीसारखे. प्रत्येक वेळी शेवटून दुसरा. कॉलिन वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे सहा तबेले आणि एक छोटं कुरण होतं, आणि नव्या घोड्याला जागा लागते.

"सीझन संपेपर्यंत, सिस्टर," तो म्हणाला. "जुलै. त्यानंतर मी ठेवू शकत नाही."

"त्याला काही झालेलं नाही."

"मला माहितेय."

"मग?"

कॉलिनने टोपी काढून पुन्हा घातली. मला त्या क्षणी त्याच्या तोंडावर माझं पत्रक फेकावंसं वाटलं. मावशींनी फक्त पुठ्ठ्यावर त्या दिवसाची नाडी लिहिली आणि ड्यूटीला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली, बापूचा सराव बदलला. मैदानावर रोज वेगाने पिदडणं बंद. सकाळी कांद्याच्या शेतांमधल्या रस्त्याने लांब, संथ दुडकी, आठवड्यातून दोनदा खाडीच्या गुडघाभर पाण्यात चालणं, आणि वेगाचं काम फक्त एक दिवस. कॉलिन म्हणाला, असं कुणी करत नाही. मावशी म्हणाल्या, "मिरजेत सगळे करतात."

दुसरी गोष्ट, मावशींनी शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या कमिटीला पत्र दिलं. मागणी साधी होती. आठ वर्षांवरचा घोडा वर्षभर जिंकला नसेल तर त्याला खालच्या वर्गात उतरू द्या. आणि आधी अशा घोड्यांची एक वेगळी शर्यत घेऊन बघा.

कमिटीचे अध्यक्ष जाडजूड, आनंदी गृहस्थ होते. त्यांनी मावशींना चहा दिला, बिस्किट दिलं आणि म्हणाले, लोक म्हातारे घोडे बघायला येत नाहीत. शिवाय एखादा मैदानात कोसळला तर उत्तर कोण देणार?

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "खाली या जरा."

खाली, क्लबच्या कार पार्कमध्ये, कॉलिनच्या ट्रेलरमधून आलेला बापू उभा होता. मावशींनी कॉलिनला सांगून त्याला मागच्या गवतावर दहा मिनिटं दुडकवलं. मग पाच मिनिटं नुसतं उभं केलं. मग स्टेथोस्कोप काढून अध्यक्षांच्या कानात घातला आणि नळीचं दुसरं टोक बापूच्या छातीला लावलं.

"मोजा."

अध्यक्ष ओठ हलवत मोजू लागले. कमिटीचे बाकीचे लोक खिडकीत जमले होते.

"छप्पन?"

"छप्पन. आता मनगट द्या." मावशींनी घड्याळाकडे बघत त्यांचं मनगट धरलं. ते फक्त एक जिना उतरून आले होते. "एकशे चार."

खिडकीतून हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्हा दोघांपैकी मैदानात कोसळेल असं कोण वाटतं तुम्हाला?"

अध्यक्ष लालेलाल झाले आणि मग स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. "ओके, सिस्टर. आठ घोडे आणा. मे महिन्यात एक शर्यत देतो. सात आले तर रद्द." जाताजाता त्यांनी हळूच विचारलं, "एकशे चार म्हणजे फार वाईट आहे का?" मावशींनी त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवलं.

आठ घोडे. मावशींनी ड्यूट्या बदलून घेतल्या आणि त्यांच्या जुन्या करोला गाडीतून आम्ही तबेल्यांच्या फेऱ्या सुरू केल्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मिरजेच्या पद्धतीचं भडंग भरलेलं असायचं. मावशी आधी घोडा बघत, मग मालकाशी बोलत, मग डबा उघडत. हा क्रम कधी बदलला नाही. बापू धरून सहा नावं झाली. मग हेमी नावाचा एक माओरी ट्रेनर कबूल झाला. त्याच्याकडे बारा वर्षांची काळी घोडी होती, तिला तो नॅन म्हणायचा. त्याने मूठभर भडंग तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाला, "हे खाऊन तुमचे घोडे पळत असतील तर मी घरीच बसतो." पण नाव दिलं. आणि शेजारच्या तबेल्यातलंही एक मिळवून दिलं. आठ झाले.

इथे मी घाण केली.

मावशींनी मला एकच काम दिलं होतं: शर्यतीचं पत्रक. एक पान, तारीख, वेळ, काय आणि कशासाठी. मी लिहायला बसले आणि माझ्या रक्तातलं सगळं उसळून आलं. मथळा दिला, "तुमच्या हातांवर कुणाचं रक्त आहे?" खाली ट्रकचं वर्णन. ट्रेनर लोकांना जल्लाद म्हटलं. मावशींना न दाखवता दोनशे प्रती काढल्या आणि शनिवारी मैदानाच्या फाटकावर उभी राहून वाटल्या. मला वाटलं, आयुष्यातलं पहिलं खरं काम केलं.

सोमवारी हेमीने नॅनचं नाव काढून घेतलं. शेजाऱ्यानेही. उरले सहा.

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तबेल्यात उलट्या बादलीवर बसल्या. मी त्यांना तिथे बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पत्रक दोनदा वाचलं.

"यातलं खोटं काय आहे?" मीच भांडायला सुरुवात केली.

"काहीच न्हाई."

"मग?"

"हे कुणासाठी लिहिलंस गं? वाचणाऱ्यासाठी, का तुझ्यासाठी?"

त्यांनी पत्रकाची घडी केली.

"हेमीनं बारा वर्षं ती घोडी सांभाळलीया. ट्रकला दिली न्हाई. दारात उभी करून खायला घालतोय. त्याला तू जल्लाद म्हणालीस. आता बापूला ट्रकमध्ये कोण घालणार माहीताय? कॉलिन न्हाई. आपण."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन हेमीकडे गेल्या. माफीचं भाषण मी पाठ केलं होतं. मावशींनी ते करूच दिलं नाही. "हेमी, ही मुलगी आज तुझे सगळे तबेले साफ करणार आहे. बोलणार नाही."

मी चार तास लीद उपसली. दहा तबेले. हेमी अधूनमधून येऊन बघून जायचा. शेवटचा तबेला नॅनचा. ती माझ्या पाठीमागे येऊन माझ्या केसांत फुरफुरली आणि माझ्या हातातलं फावडं पडलं. हेमी दारात होता.

"किआ ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला, जणू मी आत्ताच आले होते. "तुला लिहिता येतं हे कळलं. शेजाऱ्याचं नाव मी परत आणतो. आता कॉलिनला सांग, बर्टला तयार ठेव. नॅन त्याला धूळ चारणार आहे."

नवं पत्रक मावशींनी सांगितलं तसं लिहिलं. "तुमचा म्हातारा घोडा पुन्हा पळताना बघायचाय? रविवारी या." बस. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते सर्वांत छोटं पत्रक, आणि एकमेव, जे लोकांनी खिशात घालून घरी नेलं.

त्या रविवारी दुपारी गर्दी झाली. खूप नव्हे, पण अध्यक्षांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. जुने मालक आले होते, घोडा विकून दहा-दहा वर्षं झालेले. एक आजीबाई नातवंडांना घेऊन आल्या होत्या आणि सातव्या नंबरच्या घोड्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, हा आपल्या घरी जन्मला. बापूच्या गाडीत कॉलिन स्वतः बसला होता, मोडलेल्या मांडीसकट.

दोरी सुटली आणि बापू उधळला.

गर्दी बघून असेल, वाऱ्याने असेल, चार पावलांत तो चौखूर सुटला. कॉलिन मागे रेलून लगाम खेचत होता. बाकीचे सातही घोडे पहिल्या वळणाला पोचले तेव्हा बापू कुठे चालीवर आला. मध्ये एवढं अंतर होतं की बघणाऱ्याला वाटावं, याची वेगळी शर्यत चालू आहे. "संपलं," मी म्हणाले.

"चालीवर आलाय," मावशी म्हणाल्या. "आता तो थांबत न्हाई. बघ."

आणि बापू दुडकू लागला. कांद्याच्या शेतांमधून रोज दुडकायचा तसा, एका लयीत, मान पुढे, घाई नाही. दुसऱ्या फेरीला पुढचे थकू लागले. बापू थकला नाही. शेवटचा घोडा गाठला, मग त्याच्या पुढचा, मग वळणावर बाहेरून चार एकदम. त्या वळणावर मला कळलं की शर्यती बंद करायला निघालेली मी कठड्यावर चढून "बापूsss" म्हणून किंचाळतेय आणि शेजारची आजीबाई माझा दंड धरून "गो ऑन, बापू!" ओरडतेय. समोर फक्त नॅन राहिली होती. काळी आणि तपकिरी, बारा आणि दहा वर्षांची, नाकाला नाक. रेषेवर नॅन मानभर पुढे होती.

हेमी टोपी आकाशात फेकून नाचत होता. मी मावशींकडे वळले. त्यांचं रेषेकडे लक्षच नव्हतं. मागून येणाऱ्यांकडे बघत त्या बोटं मोजत होत्या. "सहा... सात... आठ." मग वळून घोड्यांच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेकाचे पाय बघत राहिल्या. मैदानाच्या डॉक्टरांनीही बघितले. आठही घोडे नीट चालत परत गेले. एकही लंगडला नाही. तेव्हा कुठे मावशींनी बापूच्या ओल्या मानेला कपाळ टेकलं आणि "शाब्बास रे माझ्या राजा" म्हणाल्या.

पावसाची सर आली आणि अध्यक्ष छत्री घेऊन धावत आले. "सिस्टर! पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ या!"

"पुढच्या महिन्यात नको. थंडी वाढतेय, त्यांना विश्रांती द्या." मावशींनी रेनकोटच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "हे पुढच्या सीझनचं. दर महिन्याला एक. आणि वर्गातून खाली उतरायचा नियम, तो दुसऱ्या पानावर."

अध्यक्षांनी दुसरं पान तिथेच, पावसात, वाचलं. मंजूर व्हायला कमिटीच्या तीन बैठका लागल्या. तिन्हींत मावशी हजर होत्या, तिन्हींत भांडल्या, आणि झाला.

जुलैमध्ये ट्रक आला. मी मुद्दाम गेले होते. कॉलिनने ड्रायव्हरला चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि त्याला तसंच रिकाम्या हाताने परत पाठवलं. ट्रक वळला तेव्हा बापू तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान काढून गवत चघळत होता. मी खूप पत्रकं वाचली आहेत, विजयाच्या घोषणा ऐकल्या आहेत. त्या रिकाम्या ट्रकच्या खडखडाटाएवढी मोठी घोषणा मी अजून ऐकलेली नाही.

सगळं बदललं असं म्हणणार नाही. दुसऱ्या तबेल्यांत तो ट्रक जात होता, अजूनही कुठे जात असेल, आणि घोड्याने माणसासाठी धावावं का, यावर माझं मावशींशी शेवटपर्यंत एकमत झालं नाही. त्या म्हणायच्या, भांड की, मी कुठं नको म्हणते? पण काम नाही म्हणून कुणाला जगातून काढून टाकायचं, ही गोष्ट एका बाईने नाडी मोजत मोजत एका मैदानावर तरी थांबवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वसंतात बापू जिंकला. त्यानंतरही दोनदा.

मी नंतर नोकरीसाठी पामर्स्टन नॉर्थला गेले. जाणं-येणं कमी झालं. मावशी शेवटच्या दिसल्या त्या मोटरवेवर. मी गाडीने ऑकलंडकडे येत होते. पुढे डाव्या लेनमध्ये एक घोड्यांचा ट्रेलर अगदी सावकाश चालला होता आणि त्याच्या मागच्या दारावरून एक ओळखीचं तपकिरी ढुंगण आणि विंचरलेली शेपटी दिसत होती. बापू तेव्हा तेरा वर्षांचा असणार. शनिवार होता, म्हणजे शर्यतीचा दिवस. मी गाडी बरोबरीला आणली. मावशी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, सरळ समोर बघत, ऐंशीच्या वर जायला अजिबात तयार नव्हत्या. शेजारी कॉलिन खुशाल झोपला होता. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि एक मोठा ट्रक सारखा हॉर्न देत होता. मीही हॉर्न दिला, हात हलवला, काच खाली करून "मावशी!" म्हणून ओरडले.

त्यांनी बघितलं नाही. त्यांना वाटलं असणार, आणखी एक घाईतला माणूस. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आम्हा सगळ्यांना, मला, ट्रकला, मागच्या रांगेला, निवांतपणे खूण केली: जा पुढे.